हाळी सुरू होण्याआधी

६ ऑक्टोबर, सोमवार. फलटण

आज सांगलीहून शिवांजली मॅडमचा फोन आला. येत्या रविवारी 'हाळी' सुरू करायचं पक्कं झालं. मंडप, पाहुणे, चहापाणी सगळं बिरदेवभाऊंनी ठरवून टाकलंय. मी 'हो हो' म्हणाले, आणि फोन ठेवल्यावर राहिलेल्या कामांची यादी करायला बसले.

लग्नाआधी पुण्यात दोन वर्षं वेबसाइटची कामं केली होती. मग लग्न होऊन इथे आले. मग माझ्या नवऱ्याचं, वाजिदचं आजारपण, मग वाजिदच नाही. मधल्या काळात क्लासमध्ये पोरांना टायपिंग शिकवत राहिले. शिवांजली मॅडम कॉलेजात माझ्या पुढे होत्या, आता सांगलीत त्यांची छोटी कंपनी आहे. त्यांनी जुन्या ओळखीवर हे काम घरी बसून करायला दिलं. चार महिने झाले, अजून रोज सकाळी वाटतं की आज कोणीतरी विचारणार, बाई, हे तुला खरंच येतं का?

काम मात्र मनाजोगं आहे. मेंढरं घेऊन दिवाळीच्या आगेमागे कोकणात उतरणारी धनगर माणसं. वाटेत मेंढरू आजारी पडलं किंवा चोर आले तर मोबाइलवर हाळीचं पान उघडायचं आणि मोठं बटण दाबायचं. वाडा, म्हणजे त्यांचा तळ, कुठे पडलाय ते जवळच्या जनावरांच्या डॉक्टरला आणि बिरदेवभाऊंच्या संघटनेला कळतं. बिरदेवभाऊ त्यातलेच. शिकून इथे शाळेत मास्तर झाले, त्यांची आई बयाबाई मात्र अजून मेंढरांमागे चालते. पंधरवडा झाला, दहा-बारा वाडे हाळी वापरून बघतायत.

मॅडम म्हणाल्या, "हे नीट पार पडू दे, मग तुझ्या कायमच्या नोकरीचं बोलू. पण इकडे यावं लागेल." मी हसून विषय बदलला. अम्मींना, म्हणजे सासूबाईंना, सोडून मी कुठे जाणार? त्यांना सांगितलंही नाही. उगाच घोर कशाला. फोन स्पीकरवर होता आणि त्या शेजारी भाजी निवडत होत्या, पण त्यांचं लक्ष नव्हतं.

जेवताना मात्र एकदम विचारलं, "सांगलीचं पाणी कसं हाय गं?"

म्हटलं, कृष्णेचं आहे, चांगलंच असेल.

७ ऑक्टोबर, मंगळवार

सकाळी अम्मींना इन्सुलिन द्यायला गेले तर म्हणाल्या, "दे हिकडं. माझी मी टोचते."

"का? माझ्या हातानं दुखतं का?"

"दुखत न्हाई. पर शिकाय नगं का मला?"

दोनदा सुई चुकली. मी पुढे झाले तर हात झटकला. गेली पाच वर्षं मी रोज सकाळी त्यांच्या पलंगाच्या कडेला बसतेय. तेवढ्यातच काय ते बोलणं व्हायचं आमचं. आता तेही नको झालं त्यांना.

८ ऑक्टोबर, बुधवार

आजपासून सर्व्हरची तपासणी. हाळी ज्या कॉम्प्युटरवर राहते तो सर्व्हर मुंबईला कुठेतरी एका मोठ्या इमारतीत आहे, मी इथून त्याला फक्त हुकूम देते. कोणी हाळीचा पत्ता टाकला तर कोणत्या फोल्डरमधून काय दाखवायचं, काय दाखवायचं नाही, हे सगळं एका कॉन्फिगरेशन फाइलमध्ये लिहिलेलं असतं.

तपासायचा हुकूम दिला. उत्तर आलं, फाइल बरोबर आहे, चाचणी यशस्वी. जीव भांड्यात पडला.

मग पत्ता साध्या, असुरक्षित जोडणीने ('https' ऐवजी 'http' टाकून) उघडून पाहिला. पान उघडलं, पण बटण दाबलं की ठिकाण मिळेना. जोडणी सुरक्षित नसेल तर मोबाइल ठिकाण देतच नाही. म्हणजे जुन्या पद्धतीने पत्ता टाकणाऱ्याचं बटण मुकं. ट्रायलमध्ये हे कळलं नाही, कारण सगळ्यांना मी दिलेल्या लिंकवरूनच उघडायला लावलं होतं. आता कसाही पत्ता टाकला तरी सुरक्षित पानावरच नेईल असं केलं. दोन ओळींचं काम.

पण तेव्हापासून मनात किडा वळवळतोय. 'फाइल बरोबर आहे' म्हणजे फक्त कंस आणि अर्धविराम जागेवर आहेत. मी त्यात काय लिहून ठेवलंय ते शहाणपणाचं आहे की नाही, हे तो हुकूम थोडाच सांगणार.

लोणंदची खाला, अम्मींची विधवा बहीण, आज येऊन गेली. दोघी बराच वेळ माझ्या खोलीच्या दारात उभ्या राहून कुजबुजत होत्या. मी गेले तर गप्प.

९ ऑक्टोबर, गुरुवार



उद्या परवा कोणी परका माणूस हाळीवर आला तर त्याला काय काय दिसेल ते बघायचं म्हणून अम्मींचा फोन घेतला. त्यावर माझं लॉगिन नाही, काही नाही. हाळीच्या पत्त्यापुढे एकेका फोल्डरचं नाव टाकत गेले. तिसऱ्या का चौथ्या नावाला पडद्यावर फायलींची नावं आली. रोजच्या माहितीची जी प्रत सर्व्हर आपोआप काढून ठेवतो, त्या प्रती. एकीवर बोट ठेवलं आणि ती उघडली.

पहिलंच नाव बयाबाईंचं. खाली सून मंगलचा फोन नंबर. वाडा कुठे आहे, मेंढरं किती, बरोबर माणसं किती. बाकीच्या वाड्यांचंही तसंच. पासवर्ड नाही, काही नाही. ज्याला पत्ता सुचला त्याच्यासाठी सगळं मोकळं.

चूक माझीच. सर्व्हरला फक्त बाहेरच्यांसाठीचं फोल्डर दाखवायला सांगायचं, तर मी अख्ख्या कामाचं फोल्डर दाखवायला सांगितलं होतं. आणि ट्रायलमध्ये मला फायली चटकन दिसाव्यात म्हणून फायलींची नावं दाखवायची सोयही मीच चालू केली होती.

गेल्या साली घाटाच्या अलीकडे बयाबाईंच्या वाड्यावर पिकअप आली होती. पुरुष माणसं दुसऱ्या कुरणाला गेलेली. बायांना काठ्या दाखवून पंचवीस-तीस मेंढरं भरून नेली. त्यावरून तर बिरदेवभाऊंना हाळी सुचली. आणि मी काय केलं, तर चोराला हवं ते सगळं मांडून ठेवलं.

फोल्डर लगेच बंद केलं. अम्मींनी विचारलं, "माझ्या फोनात काय बिघडलं का?" म्हटलं, नाही अम्मी, फोन चांगलाय. आणि रडले. त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि चहा घेऊन आल्या. साखर घातलेला. स्वतःसाठी घरात साखर ठेवत नाहीत, कुठून आणली कोणास ठाऊक.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

सर्व्हरवर कोण आलं, काय उघडलं याची नोंद राहते. सकाळपासून ती वाचली. बहुतेक नुसते फिरते प्रोग्राम, जगभरच्या साइटींची दारं हलवून बघणारे. त्यांना काही सापडलं नव्हतं. पण मंगळवारी एकाने प्रतींचं फोल्डर उघडलंय आणि एक प्रत उतरवून घेतलीय. त्याच्या इंटरनेट पत्त्यावरून काहीच कळत नाही. प्रोग्राम असेल, माणूस असेल.

मॅडमना फोन केला. त्या आधी घाबरल्या, मग म्हणाल्या, "तू बंद केलंस ना आता? मग झालं. ती प्रत कुठल्या तरी मशीननं नेली असणार. रविवार होऊ दे. कार्यक्रम मोडला तर संघटनेचा आपल्यावरचा विश्वास जाईल."

म्हटलं, "मॅडम, मला आधी त्या माणसांना सांगायचंय."

"सांगितलंस तर हाळी कोण वापरेल, समीना?"

त्यांचंही खोटं नव्हतं. पण मी म्हणाले, रविवारी मी सुरू करणार नाही. फोन ठेवल्यावर कळलं, नोकरीचं बोलणं संपलं. वाईट वाटलं. जायचंच नव्हतं तर वाईट का वाटावं?

संध्याकाळी बिरदेवभाऊ घरी आले. आधी चिडले. "ताई, पाहुण्यांना काय सांगू? पत्रिका वाटल्यात." मी त्या प्रतीत काय होतं ते सांगितलं. पहिलं नाव कोणाचं तेही. त्यांनी फोन काढून आईला लावून बघितला. मग म्हणाले, "आईचा वाडा लोणंदच्या पुढं पडलाय. बाकीच्यांना आत्ता फोन लावतो, तळ हलवा म्हणून. आईचा फोन लागत नाही. उद्या चला."

अम्मी आतून म्हणाल्या, "मी बी येते."

११ ऑक्टोबर, शनिवार

बिरदेवभाऊंनी मित्राची गाडी आणली होती. लोणंद सोडलं आणि ओढ्याकाठी कापणी झालेल्या रानात वाडा दिसला. जाळीच्या आत कोकरं, बाहेर घोडी, तीन दगडांची चूल. बयाबाई घोंगडं झटकत होत्या. लेकाला बघून हसल्या, मग आमच्याकडे बघून थांबल्या.

रस्ताभर वाक्यं जुळवत होते. तिथे एकही आठवलं नाही. म्हटलं, "मावशी, तुमचा वाडा कुठे आहे, फोन नंबर काय, हे सगळं माझ्या चुकीनं बाहेरच्या कोणाच्या तरी हातात गेलंय. चोराच्या गेलंय का, मला सांगता येत नाही. पण गेलंय."

त्यांनी ऐकून घेतलं. मग सुनेला हाक मारली, "मंगल, बिऱ्हाड आवर. पल्याडच्या माळाला जाऊ." आणि मला म्हणाल्या, "बस. च्या घे."

"तुम्ही रागावला नाहीत?"

"राग तर आलाय. पर राग धरून मेंढरं हलत्यात व्हय? आन् मागल्या साली पिकअप आली, ती सांगून आली न्हवती. तू सांगाय तर आलीस."

मग विचारलं, "आता ते बटण परत दाबायचं का न्हाई?"

म्हटलं, मी आधी सगळं तपासते. मग तुम्हीच ठरवा.

"तपास. आमी काय, रोज रानात उतरायच्या आधी बघतोच. कुणी फवारलंय का, इहिरीला कठडा हाय का. न बघता जितराब घालतंय कोण?"

मंगल आणि मी जाळी गुंडाळत होतो तेव्हा अम्मी आणि बयाबाई लांब बांधावर जाऊन बसल्या. अम्मींच्या मांडीवर कोकरू होतं. काय बोलत होत्या ऐकू आलं नाही. एकदा बयाबाईंनी अम्मींच्या पाठीवर हात ठेवलेला दिसला. अम्मी लोकांना असं जवळ येऊ देत नाहीत.

निघताना बयाबाई मला म्हणाल्या, "तुझी सासू लय घट्ट हाय. तिचं आईक."

काय ऐकू? माझ्याशी त्या बोलतात कुठे!

१२ ऑक्टोबर, रविवार

आज कार्यक्रम झाला असता. बिरदेवभाऊंनी पाहुण्यांना माझं नाव न सांगता तारीख पुढे गेल्याचं कळवलं.

दुपारी अम्मींनी वाजिदचं कपाट उघडलं. पाच वर्षं त्याला हात लावला नव्हता. शर्ट, स्वेटर, कामावरचे बूट सगळं बाहेर काढून मशिदीत देण्यासाठी गाठोडं बांधलं. मी दारात उभी राहिले. मला विचारलंसुद्धा नाही.

"कपाट कशाला रिकामं करताय?"

"लोणंदची येणार हाय राहायला. तिला लागंल."

म्हणजे खाला इथे राहणार. माझ्या खोलीच्या दारात उभं राहून त्या काय ठरवत होत्या ते आता कळलं. घर त्यांचं, बहीण त्यांची. मी कोण बोलणार? निळा शर्ट तेवढा गाठोड्यातून काढून घेतला. अम्मींनी बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

१५ ऑक्टोबर, बुधवार

तीन दिवस दुसरं काही केलं नाही. सर्व्हर आता फक्त एकच फोल्डर बाहेर दाखवतो. प्रती बाहेरून पोचता येणार नाही अशा जागी नेल्या. सगळे पासवर्ड बदलले. वाड्याचं ठिकाण दोन दिवसांनी आपोआप पुसलं जाईल असं केलं; डॉक्टर येऊन गेल्यावर ते कशाला साठवायचं? मग सर्व्हर मुद्दाम बंद करून चालू केला, हाळी आपली आपण उठते का बघायला. उठली नाही! एक ओळ राहिली होती. ती घातली, परत बंद केला. आता उठली. मी खुर्चीत एकटीच टाळी वाजवली.

मॅडमनाही सगळं लिहून पाठवलं. त्यांनी फक्त 'पाहिलं' असं उत्तर दिलं.

अम्मींना आता सुई टोचता येते. मला हाकही मारत नाहीत.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

हाळी सुरू झाली. मंडप नाही, नारळ नाही. बिरदेवभाऊ वाड्यावाड्यावर जाऊन झालेली चूक सांगून आले आणि ज्यांना हवी त्यांना नव्याने जोडून आले. दोन वाडे नको म्हणाले. बाकीचे हो म्हणाले. बयाबाईंनी हो म्हटलं.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळी कपडे वाळत घालत होते आणि फोन वाजला. हाळी! डॉक्टरांबरोबर माझ्याही फोनवर येते. ट्रायल नाही, खरी. मंगलने दाबलेली. वाडा भोरच्या अलीकडे.

तिला फोन लावला. "ताई, मेंढरं पडाय लागल्यात, तोंडाला फेस हाय." कडेच्या रानातला फवारलेला पाला खाल्ला होता. त्या रानाचा मालक काल फवारून गेला होता, आणि कळपातली पुढची चार-दोन बांध ओलांडून घुसली होती. शिरवळच्या डॉक्टरांच्या फोनवर ठिकाण पोचलं होतं, ते निघालेही होते. मी वाळत घालायची ओली चादर हातात घेऊन तशीच उभी. पडद्यावर डॉक्टरांनी 'पोचलो' दाबलं तेव्हा अम्मींनी माझ्या हातातून चादर काढून घेतली. त्याही शेजारीच उभ्या होत्या, कधीपासून कोणास ठाऊक.

दोन मेंढरं गेली. बाकीची वाचली. दुपारी बयाबाई फोनवर आल्या आणि मला एवढंच म्हणाल्या, "सासूला दे." पुन्हा दोघींचं बराच वेळ.

२७ ऑक्टोबर, सोमवार

मॅडमचा फोन. मला वाटलं, हिशोब मिटवायला. पण म्हणाल्या, "समीना, तुझं ते लिहिलेलं मी आमच्या बाकीच्या कामांवर लावून बघितलं. दोन ठिकाणी तसंच उघडं सापडलं. तू इकडे ये. कुठलंही काम सुरू व्हायच्या आधी तुझ्या हाताखालून जाईल. त्या दिवशी मी तुला घाई केली, ते बरं नव्हतं."

मी म्हटलं, मॅडम, मला येता येणार नाही. अम्मी एकट्या आहेत.

"एकट्या? त्यांनीच तर मागच्या आठवड्यात मला फोन करून विचारलं, पोरीला खोली कुठं बघू म्हणून."

२८ ऑक्टोबर, मंगळवार

काल अम्मींना विचारलं नाही. रागच आला होता. आज त्या चपाती लाटत असताना विचारलं, "तुम्हाला मी घरात नको झालेय का? मग तसं सांगा ना. सुई नको, हाक नको, कपाट रिकामं, खाला राहायला येणार, आता खोलीही बघितलीत."

लाटणं थांबलं. "येडी हायस का तू?"

"मग काय?"

"तू जाणार न्हाईस म्हाईत होतं मला. कशापायी जाणार न्हाईस? सुई कोण टोचणार, म्हातारीजवळ कोण निजणार. म्हणून एकेक ग्वाष्ट सोडवत आणली. सुई शिकले. बहिणीला बोलवून घेतली. तुजं त्या मॅडमशी बोलणं भाजी निवडताना आयकलं व्हतं मी. तिचा लंबर तुज्या फोनातनं घेतला."

मी म्हणाले, मग तुम्हीही चला सांगलीला. दोघी राहू.

त्यांनी चपाती तव्यावर टाकली. फडक्याने दाबून ती फुगवली. "वाजिद हितं हाय. त्याच्या कबरीवर जुम्म्याला कुणीतरी जाया पायजे का नगं? ते मी बघते. तू पाच वर्षं बघितलंस, बास झालं. आता तुज्याकडं बघ."

"आणि मला आठवण आली तर?"

"ये की. यष्टी बंद पडल्या व्हय?"

मग दोघी रडलो. चपाती करपली. त्यांनी ती स्वतःच्या ताटात घेतली, मी ओढून माझ्या ताटात घेतली, आणि शेवटी अर्धी अर्धी केली.

९ नोव्हेंबर, रविवार. सांगली

सकाळी अम्मी आणि खाला स्टँडवर आल्या होत्या. अम्मी माझ्याबरोबर बसमध्ये चढल्या, खिडकीच्या जागेवर रुमाल टाकला, पिशवी वर ठेवून खाली पडते का हलवून बघितली. कंडक्टर म्हणाला, "मावशी, तुमी येताय का उतरताय?"

"उतरते रं. पोरगी चाललीय माजी, नोकरीला. लय मोठं काम हाय तिचं, तिनं बघितल्याबिगर तिथं काय सुरूच हुत न्हाई."

सगळी बस वळून बघायला लागली. मी मान खाली घातली. अम्मी उतरल्या आणि मागे न बघता खालाचा हात धरून झपझप चालू लागल्या. त्यांचे गुडघे दुखतात, इतक्या जोरात चालताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

दहिवडी मागे पडेपर्यंत मी ठीक होते. मग रडले. शेजारच्या बाईंनी पाण्याची बाटली पुढे केली. विट्याला गाडी थांबली तेव्हा उतरून तोंड धुतलं. माळावर ऊन पडलं होतं, आणि स्टँडवर कोणीतरी गरम भजी तळत होतं. भज्यांचा एक कागद घेतला, उभ्याउभ्या संपवला आणि परत जाऊन दुसरा घेतला. खूप दिवसांनी इतकी भूक लागली होती.